पाण्याचं प्रस्थान

“नकाशात रण पांढरं दाखवलंय. म्हणजे मोकळंच असणार,” भाऊसाहेब म्हणाले, आणि पट्टी लावून त्यांनी तांबड्या पेन्सिलीने कच्छच्या रणातून सरळ रेघ ओढली. मग माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही रस्ता बांधून खडीसुद्धा टाकून झाली.

“पांढरं म्हणजे मीठ,” मी म्हणालो. “वर पापडी, खाली चिखल. गाडी गेली की ॲक्सलपर्यंत आत. मग बाहेर काढायला तिथे कोण येणार?”

“अहो जाधव, रानगाढवं धावतात तिथे!”

“गाढवांना कळतं पाय कुठे ठेवायचा ते.”

आमचे मॅनेजर नाडकर्णी साहेब मोठ्याने खोकले. हा त्यांचा मला गप्प करायचा खोकला. रेघ काही पुसली नाही कोणी.

ही गोष्ट तीस सालानंतरची. नाशकात आग्रा रोडला आमची मोटर एजन्सी होती आणि मी तिथे वर्कशॉप इनचार्ज. पहिल्या महायुद्धात मी लष्कराच्या मोटर ट्रान्सपोर्टमध्ये होतो. मेसोपोटेमियात बसऱ्यापासून बगदादपर्यंत वाळूतून लॉऱ्या हाकल्या. त्यामुळे वाळवंट हा शब्द कोणी काढला की नाडकर्णी साहेब मला आत बोलवायचे. बहुतेक वेळा गिऱ्हाईक पुस्तकात चित्र बघून आलेलं असायचं.

भाऊसाहेब तर चित्र बघून आले नव्हते, चित्रं काढायला निघाले होते. नवा कॅमेरा घेतला होता. आधी जैसलमेरचं वाळवंट, मग रण, शेवटी गीरचे सिंह, सगळीकडे तंबू ठोकून राहायचं आणि परत येऊन प्रवासवर्णन छापायचं, असा बेत. ड्रायव्हर घ्यायचा नाही. गाडी स्वतः चालवायची. का, तर पुस्तकात “मी गाडी वळवली” असं लिहिता आलं पाहिजे. वळवायचं म्हणाल, तर रिव्हर्स घेताना आमच्या फाटकाचा खांब त्यांनीच पाडला होता, आणि खाली उतरून खांबालाच नावं ठेवली होती.

हे एकटे जाणार असते तर मी हात झटकले असते. खुशाल जा म्हणालो असतो. पण बरोबर बायकोला नेणार होते. इंदिराबाई विशी-बाविशीच्या असतील. त्यांचे वडील रिटायर्ड मामलेदार, आणि त्यांची मोटर मीच सांभाळायचो. त्यांनी जावयाला स्पष्ट सांगितलं होतं: जाधवच्या वर्कशॉपने गाडी, सामान, पाणी, सगळं बघून पास केलं, कागदावर तशी सही झाली, तरच माझी मुलगी त्या गाडीत बसेल. म्हणजे त्या मुलीचा जीव माझ्या सहीला टांगलेला. मला हे काम नकोसं झालं होतं. पण मी नाही म्हणालो असतो तर दुसऱ्या कोणीतरी डोळे मिटून सही केली असती.

नाडकर्णी साहेबांना मात्र आकाश ठेंगणं झालं होतं. रणातून जाऊन आलेली गाडी, सिंहाशेजारी उभी, आणि खाली आमच्या एजन्सीचं नाव, असा फोटो त्यांनी मनातल्या मनात भिंतीवर टांगूनही टाकला होता.

गाडी चांगली होती. अमेरिकन टूरर, म्हणजे कापडी टप असलेली लांबलचक उघडी गाडी. इंजिन दणकट. मी ती पहिल्यांदा सामानासकट मागवली, आणि जे आलं ते बघून कपाळावर हात मारला. ग्रामोफोन. एनॅमलचा न्हाणीचा टब. कोळशाची इस्त्री.

“इस्त्री कशाला?” मी विचारलं.

“फोटोत कपडे चुरगळलेले दिसतात.”

“आणि टब?”

“वाळूत अंग खराब होतं हो.”

“अंघोळीचं पाणी कोण देणार, सिंह?”

ते हसले. विनोद वाटला त्यांना. मी टब उचलून बाहेर ठेवला. इस्त्रीही बाहेर काढली. ग्रामोफोनवरून नाडकर्णी साहेब मध्ये पडले, म्हणून तेवढा राहिला.

इंदिराबाई बाजूला उभ्या राहून हे बघत होत्या. भाऊसाहेब साहेबांबरोबर चहाला आत गेल्यावर त्या पुढे आल्या. “जाधवराव, पाणी किती न्यायचं?”

एवढ्या दिवसांत हा प्रश्न विचारणारं हे पहिलं माणूस. मी त्यांना बॉनेट उघडून दाखवलं. इंजिन तापतं, म्हणून त्याच्याभोवती पाणी फिरवतात. ते पाणी पुढच्या जाळीत येऊन गार होतं. ती जाळी म्हणजे रेडिएटर. वाळूत गाडी रुतली की इंजिन जोर करतं, पाणी उकळतं, वाफ होऊन जातं, मग पुन्हा ओतावं लागतं. म्हणजे तिथे माणूसही पितो आणि गाडीही पिते.

“आणि एकालाच पुरेल एवढं उरलं तर?”

“तर माणसाने प्यायचं. गाडीला पाणी नाही मिळालं तर ती नुसती उभी राहते.”

त्यांनी मान हलवली. मी मनात म्हटलं, ही पोर चालवणार असती तर मी आत्ताच सही केली असती.

पाण्याच्या टाक्या मी स्वतः केल्या. जस्ती पत्र्याच्या, दोन, दोन्ही बाजूंच्या फूटबोर्डावर बसतील अशा. आत आडवे पत्रे घातले, म्हणजे वळणावर पाणी हिंदकळून गाडीला ओढत नाही. सगळे सांधे माझ्या हाताने कथलाने डाखले, तोटी पितळेची लावली, बाहेरून हिरवा रंग दिला, आणि वर जाड कॅनव्हासची खोळ शिवून घेतली. खोळ ओली ठेवली की वाऱ्याने पाणी गार राहतं. मेसोपोटेमियात आम्ही असंच करायचो. भरून, उलटून, रात्रभर ठेवून बघितल्या. थेंब गळला नाही. आणि भाऊसाहेबांना बजावलं, “बाकी काहीही विसरा. या दोन टाक्या म्हणजे तुमचा जीव.”

हे वाक्य त्यांनी फारच मनावर घेतलं, ते पुढे कळलं.

माझं म्हणणं होतं, थंडीत निघा. पण पंचांगात चांगला मुहूर्त निघाला तो फाल्गुनातला, आणि तोही अशा दिवशी की मुंबईहून यायच्या जाड स्प्रिंगा अजून आल्याच नव्हत्या. मुहूर्त गाठता येत नाही, मग काय करायचं? प्रस्थान ठेवायचं.

आताच्या पोरांना हे ठाऊक नसेल म्हणून सांगतो. ठरल्या मुहूर्तावर निघणं जमत नसेल, तर आपली एखादी वस्तू त्या वेळी घराबाहेर काढून दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवतात. म्हणजे आपण निघालो असं झालं. मग चार दिवसांनी सवडीने निघायचं आणि जाताना ती वस्तू वाटेत उचलून घ्यायची. ती मधेच परत घरी आणायची नाही. आणली तर मुहूर्त मोडला. मी लढाईवर निघालो तेव्हा माझ्या आईनेही माझं प्रस्थान ठेवलं होतं. फडक्यात मूठभर तांदूळ, सुपारी, आणि माझा एक जुना सदरा. मी परत आलो. त्यामुळे प्रस्थानाला मी नावं ठेवणार नाही. पण आईने माझी बंदूक काही शेजाऱ्याकडे नेऊन ठेवली नव्हती.

मी एकच अट घातली होती. सही करण्याआधी दिवसभराची ट्रायल. मी बरोबर येईन, पण कशालाही हात लावणार नाही. गाडीत जे आहे तेवढ्यावर निभवायचं, गावात शिरून मदत मागायची नाही. प्रस्थानाच्या आदल्या दिवशी मी गाडी पुन्हा तपासली, टाक्या भरल्या, खोळींच्या दोऱ्या आवळल्या. संध्याकाळी भाऊसाहेब पूजेसाठी गाडी घरी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी मुहूर्त साधला, आणि त्याच्या दुसऱ्या सकाळी त्यांनी मला आग्रा रोडला उचललं. कपाळाला गंध, डोक्याला सोला हॅट. इंदिराबाई मागे बसल्या होत्या, मांडीवर फिरकीचा तांब्या. फूटबोर्डावर खोळी घट्ट बांधलेल्या, फुगलेल्या, ठीक दिसत होत्या.

येवल्याच्या अलीकडे मी गाडी रस्त्यावरून खाली उतरवायला सांगितली. तिथे माळ आहे, उघडाबोडका, आणि मधून एक कोरडा नाला जातो. नाल्यात भरपूर वाळू. फाल्गुनातलं ऊन डोक्यावर आलेलं. “हे तुमचं जैसलमेर,” मी म्हणालो. “पलीकडे न्या.”

वाळूत जायची रीत मी त्यांना चारदा सांगितली होती. टायरमधली हवा थोडी सोडायची, म्हणजे टायर पसरतं आणि कमी रुततं. रुतलंच तर थांबायचं, चाकाखाली गोणपाट घालायचं, हळू काढायचं. भाऊसाहेबांनी हवा सोडली नाही. “पुन्हा भरायला पंप कोण मारणार?” म्हणाले. वेगात गाडी नाल्यात घातली, आणि अर्ध्यावर ती बसली. मग यांनी ॲक्सिलरेटर दाबला. चाकं गरगर फिरली आणि खड्डा खणत खाली गेली. यांना वाटलं, जोर कमी पडतोय. आणखी दाबला.

मी उतरून काठावरच्या बाभळीखाली जाऊन बसलो. हात लावायचा नाही म्हणजे नाही.

रेडिएटर उकळला. झाकणातून वाफ फुसफुसायला लागली. भाऊसाहेबांनी हातावर फोड येईपर्यंत वाळू उपसली, मग घामाने निथळत एका खोळीची दोरी सोडली आणि रेडिएटरमध्ये पाणी ओतलं. अर्धं सांडलं. गाडी चालू केली, पुन्हा फिरवली, पुन्हा उकळली. दुसऱ्यांदा ओतलं. तोवर तांब्यातलं पाणी संपलं होतं. इंदिराबाईंचा चेहरा लालबुंद झालेला. त्या म्हणाल्या, “मला थोडं प्यायला द्या आधी.”

“थांब जरा, गाडी निघू दे.”

“नाही, आधी द्या.” त्यांनी स्वतःच पेला पुढे धरला. भाऊसाहेबांनी दिला, पण देताना त्यांचं तोंड चोरासारखं झालेलं मला झाडाखालून दिसलं. बाईंनी एक घोट घेतला आणि लगेच थुंकला. मग ओकारीच आली त्यांना.

मी उठलो. पेला नाकाशी नेला. रॉकेल! भक्क वास. खोळ ओढून काढली, तर आत रॉकेलचे डबे. कापलेले, हिरवा रंग फासलेले, रंगही अजून ओलसर.

“या माझ्या टाक्या नाहीत,” मी म्हणालो. “टाक्या कुठे आहेत?”

“सांगतो, सांगतो. आवाज चढवू नका.”

“टाक्या कुठे आहेत, भाऊसाहेब?”

“पंचवटीत. माझ्या मावशीकडे.”

मला आधी कळेचना. मग ते बोलायला लागले, आणि बोलता बोलता त्यांना पुन्हा धीर आला, कारण ही त्यांची स्वतःची कल्पना होती. गुरुजी म्हणाले होते, एखादं उपरणं ठेवा, पुरे. पण भाऊसाहेब सुधारक ना! त्यांनी विचार केला, उपरणं कसलं ठेवता, वाळवंटात निघालोय, प्रवासात जे सगळ्यात महत्त्वाचं तेच ठेवलं पाहिजे. जाधव म्हणालाय टाक्या म्हणजे जीव. तर टाक्यांचंच प्रस्थान! शास्त्रही सांभाळलं आणि सायन्सही. मुहूर्तावर भरलेल्या टाक्या मावशीच्या देवघराशेजारी नेऊन ठेवल्या, हळदकुंकू वाहिलं. आता ट्रायलसाठी त्या उचलल्या असत्या तर संध्याकाळी परत आणाव्या लागल्या असत्या, आणि मुहूर्त मोडला असता. म्हणून हे डबे. गड्याकडून राखेने घासून घेतले होते म्हणे.

“एका दिवसाचा तर प्रश्न होता,” ते म्हणाले. “खऱ्या प्रवासाला खऱ्या टाक्या असणारच की.”

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. “आणि मला सांगायचं नाही?”

“तुम्ही हरकत घेतली असती.”

“मग? हरकत घ्यायलाच तर ठेवलंय मला!”

इंदिराबाई वाळूत बसल्या होत्या. ओठ कोरडे पडलेले. त्या नवऱ्याला म्हणाल्या, “मला म्हणालात, तुझी काळजी आहे म्हणून जाधवरावांना बरोबर घेतोय.” भाऊसाहेब कॅमेऱ्यावरची वाळू फुंकत बसले.

गावात मदत मागायची नाही ही माझी अट मीच मोडली. रस्त्यावर गेलो. येवल्याचा एक विणकर, मोमीन, बैलगाडी घेऊन बायको-पोरांसह घरी चालला होता. त्याला हाक मारली. त्याने नाल्यात डोकावून बघितलं. “या अल्ला, मोटर हितं कशापायी घातली?” म्हणाला. मी म्हटलं, “हवा खायला.” त्याच्या बायकोने बैलगाडीतली सुरई काढून बाईंपुढे केली. भाऊसाहेब घशातल्या घशात म्हणाले, “अगं, त्यांच्या हातचं...” बाईंनी ऐकलं, सुरई वर केली आणि गटागटा प्यायल्या. मग मी प्यायलो. भाऊसाहेब तसेच उभे. शेवटी घरी सांगू नकोस म्हणून बायकोला बजावलं आणि तेही प्यायले.

विणकराच्या बैलांनी मोटर बाहेर ओढली. परत येताना गाडी मी चालवली.

दुसऱ्या दिवशी नाडकर्णी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. भाऊसाहेब आधीच खुर्चीत बसलेले, ताजे, इस्त्रीचे कपडे. स्प्रिंगा आल्या होत्या. प्रस्थान ठेवल्यावर फार दिवस थांबता येत नाही, म्हणून परवा निघायचंच म्हणाले. इंदिराबाई दाराशी उभ्या होत्या.

“जाधव, गाडी फिट आहे ना?” साहेबांनी विचारलं.

“आहे.”

“टाक्या फिट आहेत?”

“आहेत. पंचवटीत.”

“त्या जाताना घेतील ते. मग सही कर.”

“साहेब, गाडी फिट आहे, चालवणारा नाही. इथे पाण्याबाबत खोटं बोलले. तिथे टाकी गळली, पाणी संपत आलं, तर बाईंना खरं सांगतील असं मला वाटत नाही. मी सही करणार नाही.”

“तू वर्कशॉप इनचार्ज आहेस. गिऱ्हाइकाचा स्वभाव बघायचं काम तुझं नाही.”

“मग ज्याचं असेल त्याची सही घ्या.”

साहेबांचा चेहरा उतरला, मग चढला. त्यांनी माझ्या हाताखालच्या एका फिटरला बोलावून घेतलं. तो सही करायला एका पायावर तयार होता. नुकताच लागलेला माणूस, त्याला काय दोष द्यायचा. त्याने पेन उचललं सुद्धा. आपल्या हातून गोष्ट गेली असं मला वाटलं.

तेवढ्यात इंदिराबाई आत आल्या. “त्यांना उगाच त्रास देऊ नका,” त्या म्हणाल्या. “सही करा नाहीतर नका करू. मी येत नाही.”

भाऊसाहेब हसले. “अगं, असं काय वेड्यासारखं! प्रस्थान ठेवून झालंय. आता मागे फिरता येत नाही.”

“ठेवलंय ना? तुमचं ठेवलंय, टाक्यांचं ठेवलंय,” बाई म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. “माझं काय ठेवलंत? घरातून माझा एक खण तरी बाहेर काढलात का? मी निघालेलीच नाही. मग मागे फिरायचा प्रश्न कुठे येतो?”

भाऊसाहेबांनी साहेबांकडे बघितलं. शास्त्राला धरून बोललेलं होतं ते. नाडकर्णी साहेबांनी खोकून बघितलं, पण तो खोकला बाईंवर चालला नाही. त्या पदर सारखा करून बाहेर पडल्या आणि टांगा करून थेट वडिलांकडे गेल्या.

भाऊसाहेब मात्र निघाले. लोक काय म्हणतील, हे उन्हापेक्षा कडक असतं त्यांच्यासारख्यांना. एका मित्राला पटवून बरोबर घेतलं. रणापर्यंत पोचलेच नाहीत. मारवाडात कुठेतरी गाडीने मान टाकली. गाडी मालगाडीवर चढवून, आणि हे दोघे पॅसेंजरमध्ये बसून, असे नाशकात परत आले. मित्र पुढे कित्येक महिने त्यांच्याशी बोलत नव्हता. काय झालं ते दोघांनीही सांगितलं नाही. टाक्या वाटेत कुठे टाकल्या, तेही नाही. तरी भाऊसाहेबांनी वाचनालयात व्याख्यान दिलं. ‘मरुभूमीतील माझे साहस’. टाळ्याही पडल्या. बायकांच्या रांगेत इंदिराबाई बसल्या होत्या. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या, एवढं मी मागून बघितलं.

मला साहेबांनी वर्कशॉपमधून काढून बसगाड्यांच्या ब्रेकवर टाकलं. वर्षभर ते मला आत बोलवत नव्हते. मग पुन्हा एक गिऱ्हाईक वाळवंटाचा नकाशा घेऊन आलं आणि माझी आठवण झाली.

त्यानंतर लांबच्या सफरीच्या बऱ्याच गाड्या मी पास केल्या. बॉनेट मी शेवटी उघडतो. आधी टाकीची तोटी सोडून पेलाभर पाणी काढतो, मालकाच्या हातात देतो, आणि म्हणतो, प्या. जो आधी इकडेतिकडे बघतो, त्याच्या गाडीवर मी सही करत नाही.